मूळपुरुष जॉन: बाप शोधण्याआधी माणूस वेगळा करा

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणाऱ्या एका काकांना नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ करून द्यायची आहे. आपल्या बाजूचा छापील कुलवृत्तांत हाताशी आहे, तिथे अडचण नाही. अडलंय ते सुनेच्या माहेरी. तिथे असं सांगतात की जॉन नावाचा मूळपुरुष १६३५ साली जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आला, इप्सविच गावात राहिला आणि १६९२ च्या सुमारास वारला. इंटरनेटवर त्याच्या वंशावळीची तीन झाडं सापडली. तिन्हींत बाप वेगवेगळे. बायको एकीकडे मेरी, दुसरीकडे सारा, तिसरीकडे दोघीही. काका विचारतात, यातलं खरं कुठलं, आणि डीएनए चाचणीचा काही उपयोग होईल का?

काका, तुम्ही आडनाव लिहिलं नाहीत. इथे त्याची गरजही नाही, आपण त्याला नुसतं जॉन म्हणू.

तुम्ही विचारताय की जॉनचा बाप कोण. पण त्याआधीचा प्रश्न सुटलेला नाही: हे सगळे कागद एकाच जॉनचे आहेत का? बाप तीन आणि बायका दोन निघतात तेव्हा बहुतेक वेळा कुणी खोटं बोललेलं नसतं. एकाच नावाचे दोन-तीन पुरुष एका खात्यावर जमा झालेले असतात. सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत, पुरुषांची नावं मोजकीच होती. जॉन, थॉमस, विल्यम आणि सॅम्युअल यांतच अर्धं गाव आटपायचं. त्यामुळे तीन झाडांतलं कुठलं निवडायचं या भानगडीत पडू नका. तिन्ही बाजूला ठेवा आणि कागदांवरून किती जॉन निघतात ते मोजा.

जॉनकडे जाण्याआधी अलीकडचं टोक तपासा. सुरुवात तुमच्या व्याह्यांपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. कडी बहुधा १६३५ ला तुटत नाही, १७८० ते १८५० या काळात तुटते. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव पहिल्यांदा १८५० ला आलं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना तर १८८० ला आला. १७९० ते १८४० च्या याद्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे असतात. नेमक्या याच काळात मॅसॅच्युसेट्सची कुटुंबं व्हरमाँट, न्यूयॉर्क आणि ओहायोकडे सरकत होती. तुम्ही ओहायोत आहात म्हणून सांगतो. ओहायोतलं मॅरिएटा गाव वसवणाऱ्या ओहायो कंपनीची पहिली तुकडी डिसेंबर १७८७ मध्ये निघाली ती इप्सविचचाच भाग असलेल्या इप्सविच हॅम्लेटहून, मनॅसी कटलर या तिथल्याच पाद्र्याच्या दारातून. म्हणजे इप्सविच ते ओहायो हा प्रवास अगदी शक्य आहे. पण शक्य असणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे. ओहायोतल्या १८२० च्या माणसाला इप्सविचच्या घराशी जोडणारा एक तरी कागद हवा: बापाच्या इस्टेटीतला हिस्सा विकल्याचा दस्त, मृत्युपत्रातला 'ओहायोत गेलेला माझा मुलगा' असा उल्लेख, किंवा स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनची फाइल. या फाइली सोन्यासारख्या आहेत. १८३६ च्या कायद्याने सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली, आणि लग्न सिद्ध करण्यासाठी कित्येक जणींनी घरच्या बायबलातली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानंच फाडून अर्जाला जोडली. ती पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बरीचशी ऑनलाइन दिसतात. ही मधली कडी पक्की नसेल तर जॉनवर कितीही मेहनत घ्या, तो तुमच्या नातवाचा पूर्वज आहे हेच ठरत नाही.

आता जॉन. एक कोरी स्प्रेडशीट उघडा. इप्सविच आणि आजूबाजूच्या गावांत त्या आडनावाच्या जॉनचा जिथे जिथे उल्लेख येतो तिथे एक ओळ. रकाने असे: कागदावर लिहिलेली तारीख जशीच्या तशी, आजच्या पद्धतीने तारीख, गाव, जॉनची भूमिका (विकणारा, साक्षीदार, ज्युरी, मयत), मूळ शब्द, ओळखीच्या खुणा, आणि कागद कुठल्या वहीतला, कुठल्या पानावरचा. 'ओळखीच्या खुणा' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात धंदा, बायकोचं नाव, शेजारी, सही की निशाणी, सांगितलेलं वय, 'सीनियर' की 'ज्युनियर', सगळं उतरवा. या टप्प्यावर हे आपल्या जॉनचं आणि ते नाही असं काहीही ठरवायचं नाही. आधीच गाळणी लावली तर जे सापडायला हवं तेच गळून जातं.

इप्सविचपुरतं कागद कुठे बघायचे ते सांगतो, कारण इथे जागा माहीत असणं हीच अर्धी लढाई आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रं काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याकडे) असतात, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी गावाकडे. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडला दस्तसुद्धा गावाकडेच, त्यामुळे एका राज्याची सवय दुसरीकडे चालत नाही. इप्सविच एसेक्स काउंटीत येतं. त्या काउंटीची १६८१ पर्यंतची मृत्युपत्रं आणि १६८६ पर्यंतचे त्रैमासिक न्यायालयाचे कागद छापून झालेले आहेत, त्यांना शेवटी सूची आहे आणि ते फुकट वाचता येतात. इप्सविचचे सतराव्या शतकातले दस्त वेगळ्या वह्यांत आहेत. काउंटीच्या मुख्य ठिकाणी, सेलमला असलेल्या मुख्य मालिकेतच शोधून 'काही नाही' म्हणणारे खूप भेटतात. या सगळ्यांच्या मूळ पानांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर मिळतात. काही संच फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात बसूनच उघडतात, म्हणून पान उघडलं नाही तर कागद नाही असं समजू नका. २०२४ पासून तिथे हस्तलिखित दस्त आणि मृत्युपत्रांत शब्द घालून शोधायची सोय आली आहे. यंत्र जुनं अक्षर चुकीचं वाचतं, पण सूचीत कधीच न येणारे साक्षीदार आणि शेजारी त्यामुळे हाती लागतात.

गावाच्या छापील जन्म-मृत्यू नोंदी म्हणजे '१८५० पर्यंतच्या' त्या पुस्तकांची मालिका. ती वापराच, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक म्हणजे ती वर्णानुक्रमे लावलेली आहे. मूळ वहीत एका कुटुंबाची मुलं कधी एकाखाली एक लिहिलेली असत. छापताना ती फोडून 'जॉनचा मुलगा' या एका ढिगात दोन-तीन जॉनची लेकरं एकत्र आली. दुसरं, नोंदीपुढे बारीक अक्षरात खुणा असतात: एक चर्चच्या वहीसाठी, एक थडग्याच्या दगडासाठी, एक खाजगी कागदासाठी. खाजगी कागदावरून घेतलेल्या १६५० च्या तारखेला आणि गावच्या कारकुनाने त्याच वर्षी लिहिलेल्या तारखेला एकाच तागडीत तोलायचं नाही.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हे तर पदोपदी आठवावं लागतं. त्या चर्चांत आई-बापांपैकी एकजण सदस्य असल्याशिवाय लेकराचा बाप्तिस्मा होत नसे. १६६२ नंतर नियम थोडे सैल झाले, तेही चर्च बघून. त्यामुळे आई सदस्य झाली की पुढच्याच रविवारी तिच्या चार-पाच मुलांचा एकदम बाप्तिस्मा झालेला दिसतो. झाडं जोडणारे ते बघून 'पाचही जुळी' म्हणत नाहीत हे नशीब. पण सगळ्यात मोठ्याचा जन्म सात-आठ वर्षं पुढे मात्र ढकलतात, आणि मग बापाचं लग्नही पुढे सरकतं.

तारखांचा दुसरा घोळ पंचांगाचा. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं. शके आणि इसवी सनाचा मेळ घालणाऱ्याला हे लगेच कळेल. शक चैत्रात बदलतो, म्हणून एरवी ७८ मिळवतो तिथे जानेवारीनंतरच्या पौष-माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. तसंच इथे १ जानेवारी ते २४ मार्च या तारखांना वर्ष एकाने वाढवायचं. म्हणून जाणकार १६४८/४९ असं दुहेरी लिहितात. त्यात प्युरिटन लोक (तिथे वसलेले कडवे प्रोटेस्टंट) महिन्यांची नावं टाळून आकडे लिहायचे, आणि त्यांचा पहिला महिना मार्च. वहीत '३रा दिवस, १२वा महिना, १६४८' असेल तर ती तारीख, वर्ष आजच्या हिशोबाने धरून, ३ फेब्रुवारी १६४९. तीच नोंद एका झाडात ३ डिसेंबर १६४८ होते आणि दुसऱ्यात १२ मार्च. अशाने आईच्या मृत्यूनंतर जन्मलेली लेकरं तयार होतात आणि त्यांच्यासाठी एक दुसरी बायको कल्पावी लागते. तुमच्या सारा-मेरीचा उगम इथेही असू शकतो. म्हणूनच कागदावरची तारीख जशीच्या तशी उतरवायला सांगितलं.

शब्दही फसवतात. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणजे बाप-लेक असं नाही, त्या गावातला थोरला आणि धाकटा एवढंच. काका-पुतण्या असतील, किंवा नात्यातलेही नसतील. थोरला वारला की धाकटा 'सीनियर' होतो आणि तिसरा 'ज्युनियर'. म्हणजे १६६० चा ज्युनियर आणि १६८० चा ज्युनियर ही दोन वेगळी माणसं असणार, असंच धरून चाला. 'सन-इन-लॉ' हा जावई असेल किंवा सावत्र मुलगा. 'कझिन' बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा निघतो. मृत्युपत्रात 'माझी आत्ताची बायको' असं आलं म्हणून आधी दुसरी होती असं ठरत नाही. वकिली थाटाचा तो शब्दप्रयोग आहे. आणि 'मिसेस' हा मानाचा शब्द होता, लग्नाचा पुरावा नव्हे.

गावांची नावं तर सापळाच. इंग्लंडात इप्सविच आहे, ते सफोक परगण्यात. मॅसॅच्युसेट्सचं इप्सविच एसेक्स काउंटीत. एसेक्स परगणा इंग्लंडात, सफोक काउंटी मॅसॅच्युसेट्सलाही, तिच्यात बॉस्टन, आणि मूळ बॉस्टन इंग्लंडातल्या लिंकनशरमध्ये. झाडाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इप्सविच' टाइप केलं की खाली यादी उघडते आणि घाईत भलतंच निवडलं जातं. 'जन्म: एसेक्स, इंग्लंड' असं दिसलं की त्याला पुरावा आहे की टिचकीची चूक आहे हे आधी बघा. शिवाय हद्दी बदलल्या. हॅमिल्टन १७९३ ला आणि एसेक्स नावाचं गाव १८१९ ला इप्सविचमधून वेगळं झालं, तेव्हा माणूस हललाच नाही तरी गाव बदलतं. १६४३ ला झालेली जुनी नॉरफोक काउंटी न्यू हॅम्पशर वेगळं झाल्यावर मोडली. १७९३ ची आजची नॉरफोक काउंटी बॉस्टनच्या दक्षिणेला आहे आणि तिचा जुनीशी काही संबंध नाही. तुमचा जॉन हॅव्हरिल किंवा सॅलिसबरीकडे गेला असेल तर त्याचे दस्त जुन्या नॉरफोकच्या वह्यांत शोधावे लागतील.

हे सगळं सांभाळून शंभर-सव्वाशे ओळी जमल्या की माणसं वेगळी करायला बसा. इथे एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवतो. ते कल्पित आहे, पण घडण अगदी नेहमीची.

समजा १६३५ च्या लंडनच्या जहाजयादीत जॉन आहे, वय १९. म्हणजे जन्म १६१६ च्या आसपास. १६७० च्या खटल्यात इप्सविचचा जॉन साक्ष देतो, 'वय सुमारे ४०'. म्हणजे जन्म १६३० च्या आसपास. साक्षीतली वयं शून्यावर किंवा पाचावर गोलवलेली असतात, त्यांना चार-पाच वर्षं इकडे-तिकडे माफ. चौदा वर्षं माफ नाहीत. दोन माणसं असण्याची शक्यता उभी राहिली. आता दस्त बघू. १६५२ च्या दस्तात 'जॉन, विणकर' सहा एकर खाजण विकतो. इप्सविचच्या दलदलीतलं ते खारं गवत गुरांच्या चाऱ्याला लागायचं, म्हणून अशा तुकड्यांचे दस्त पुष्कळ. खाली सही नाही, निशाणी आहे: एक आडवी रेघ आणि तिला खाली गळासारखा आकडा. बायको मेरी आपला डॉवरचा, म्हणजे विधवा म्हणून नवऱ्याच्या जमिनीतला, हक्क सोडते. १६६८ च्या दस्तात 'जॉन, शेतकरी' जमीन घेतो आणि पुढे १६७४ ला विकतो तेव्हा पूर्ण सही करतो, बायको सारा. लिहिता येणारा म्हातारपणी हात थरथरतो म्हणून निशाणीवर येऊ शकतो. निशाणीवरचा माणूस पन्नाशीत सही शिकणं दुर्मीळ. वय, धंदा, सही, बायको, चारही खुणा एकाच दिशेला जातात. आता त्यांना जॉन 'अ' आणि जॉन 'ब' म्हणा आणि प्रत्येक ओळीला अक्षर द्या. काही ओळींपुढे प्रश्नचिन्ह राहील, ते राहू द्या.

एक सावधगिरी. दस्ताच्या वहीत कारकुनाने उतरवलेली नक्कल असते, त्यामुळे तिथली सही कारकुनाच्याच हातची. निशाणीचा आकार तो साधारण उतरवतो, इतकंच. खरी सही हवी असेल तर मूळ मृत्युपत्र, कोर्टाच्या फाइलीतले सुटे कागद किंवा इस्टेटीचा जामीनखत बघावा लागतो.

मग चतुःसीमा. आपल्या खरेदीखतासारखीच तिथेही पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण ते लिहिलेलं असतं. १६५२ च्या तुकड्याचे शेजारी आणि वीस वर्षांनंतरच्या तुकड्याचे शेजारी जुळले, तर जमीन तीच. मग ती मधल्या काळात कशी हस्तांतरित झाली ते शोधायचं, जसं आपण फेरफारावरून सातबारा मागे नेतो. जॉन 'ब' कडे जॉन 'अ' ची जमीन विक्रीच्या कागदाशिवाय आली असेल तर ती वारशाने आली असण्याची शक्यता मोठी. असा पुरावा एका ओळीत 'हा त्याचा मुलगा' म्हणत नाही, पण तो झाडावरच्या दहा ठाम विधानांहून भक्कम असतो. मृत्युपत्र नसेल तर पुढच्या पन्नास वर्षांचे दस्त वाचा. वाटणी न झालेली जमीन नातवंडं एकत्र विकतात तेव्हा सगळी भावंडं, जावई, मेलेल्या मुलीची लेकरं अशी आख्खी यादी एका दस्तात येते. सूचीत मात्र फक्त पहिल्या विक्रेत्याचं नाव असतं. तो जावई असेल तर तुमच्या आडनावाखाली काही सापडणारच नाही, म्हणून जावयांच्या आडनावांनीही शोधायचं.

मॅसॅच्युसेट्सच्या वारसा पद्धतीचा इथे उपयोग होतो. मृत्युपत्राविना वारलेल्याच्या थोरल्या मुलाला दुहेरी वाटा मिळे. मिळकतीचे सात भाग आणि त्यांतले दोन एकाला असं दिसलं, तर मुलं सहा आणि तो थोरला. थोरला आधीच मेला असेल तर ते दोन भाग त्याच्या लेकरांकडे गेलेले दिसतात.

वयाचे टप्पेही चाळणीचं काम करतात. चौदाव्या वर्षापासून मुलगा स्वतःचा पालक निवडू शके, २१ व्या वर्षाशिवाय जमीन विकता येत नसे. बायकांना साधारण दोन-दोन वर्षांनी मुलं होत. साडेतीन-चार वर्षांची पोकळी दिसली तर मेलेलं मूल, हरवलेली नोंद किंवा बायको बदललेली, यांपैकी काहीतरी आहे. आईचं वय ४६ च्या पुढे जात असेल तर दोन बायका एकत्र झाल्यात का ते आधी बघा. एसेक्सच्या न्यायालयात लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालं म्हणून दंड झालेली जोडपी पुष्कळ सापडतात. त्या जोडप्यांना ते नकोसं वाटलं असेल, पण लग्नाची तारीख बांधायला आपल्याला फार कामाला येतं.

अजून दोन खजिने. १६७५-७६ च्या किंग फिलिपच्या युद्धात (वसाहतवाले विरुद्ध मूळ रहिवासी) लढलेल्यांना जमिनी मिळाल्या त्या १७३० च्या दशकात, 'नॅरगॅन्सेट' नावाच्या सात वसाहतींत. तोवर बहुतेक सैनिक वारले होते, म्हणून दावेदारांच्या यादीत 'अमक्याचा मुलगा', 'अमक्याचा नातू वारस म्हणून' अशी नाती लिहिलेली आहेत. आणि चर्चच्या वह्यांत एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दिलेली पाठवणीची पत्रं नोंदलेली असतात. माणूस कुठून आला हे कधीकधी फक्त तिथेच कळतं.

जहाजाकडे सगळ्यात शेवटी या. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. १६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० माणसं न्यू इंग्लंडला आली. त्यांतल्या थोड्यांचीच नावं जहाजयाद्यांत टिकली. १६३५ ची लंडनची यादी टिकली म्हणून प्रत्येकाचा पूर्वज १६३५ लाच येतो. त्या यादीतला जॉन इप्सविचलाच गेला असं यादी म्हणत नाही. तो व्हर्जिनियाला गेला असेल, वाटेत मेला असेल, परत गेला असेल. त्याच्यासोबतची माणसं इप्सविचला दिसतात का, हे बघा. गावंच्या गावं, एका पाद्र्यामागे आलेली मंडळी, मेहुणे-सोयरे एकत्र यायचे. जहाजावरचे चार शेजारी इप्सविचच्या जमीनवाटपात पुन्हा शेजारी निघाले तर जॉनचं वजन वाढलं. एकही नाही निघाला तर यादीतला जॉन सध्या बाजूला.

जॉन १६५० नंतरच पहिल्यांदा दिसत असेल तर वेगळा विचार करा. १६४० नंतर इंग्लंडात यादवी पेटली आणि येणाऱ्यांचा ओघ आटला. पण १६५० च्या डनबारच्या आणि १६५१ च्या वुस्टरच्या लढाईतले स्कॉटिश कैदी बॉस्टनला आणून ठरावीक मुदतीच्या कामाला विकले गेले. 'जॉन अँड सेरा' जहाजावरच्या २७२ जणांची यादी बॉस्टनच्या सफोक दस्तांत नोंदलेली आहे. या कैद्यांतले काही सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्यात लागले, आणि ते इप्सविचहून लांब नाही. अशा माणसाचा बाप इंग्लंडच्या चर्चच्या वहीत शोधणं फुकट आहे.

इंग्लंडच्या बाजूला चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात. तिथे हव्या त्या वर्षाच्या आसपास जॉनचा बाप्तिस्मा सापडतोच, एक नाही, आठ. नाव आणि वर्ष जुळलं की बाप मिळाला, असं तुमच्या तिन्ही झाडांत झालेलं दिसतं, फक्त प्रत्येकाने वेगळा जॉन उचलला. सापडलेल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते बघा. त्याच वहीत दोन वर्षांनी त्याचं दफन आहे का, की विशीत लग्न होऊन तिथेच त्याची लेकरं आहेत? तसं असेल तर तो बाद. उरलेल्यांना जोडायला समुद्राच्या दोन्ही बाजूंना टेकलेला कागद हवा. सर्वांत चांगला म्हणजे इंग्लंडातल्या नातेवाइकाचं मृत्युपत्र, ज्यात 'न्यू इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या भावाला' काही ठेवलंय. कँटरबरीच्या मुख्य न्यायालयातली १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन शोधता येतात. साधे लोक मात्र खालच्या चर्च-न्यायालयांत जायचे, त्यांचे कागद परगण्याच्या अभिलेखागारात असतात. बॉस्टनची १८४५ ला स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी या स्थलांतरितांचा एकेक करून अभ्यास प्रसिद्ध करते. १६३५ पर्यंत आलेला असेल तर जॉनवर तिथे टिपण असण्याची शक्यता बरीच. काम सुरू करण्याआधी ते वाचलं तर वर्ष वाचेल.

छापील जुन्या वंशावळींबद्दल एवढंच की गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकन कुटुंबांना पैसे घेऊन बनावट वंशावळी लिहून दिल्या, आणि त्या अजून झाडांत फिरतात. सरदार घराण्याशी थेट नातं, खरी वाटणारी मृत्युपत्रं आणि कुठेही न सापडणारी चर्चवही असं एकत्र आलं की सावध व्हा. 'तीन भाऊ आले' ही कथाही जवळजवळ प्रत्येक आडनावाला आहे.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलं होतं. सुनेने लाळेची नेहमीची चाचणी केली तर १८०० च्या आसपासच्या कड्यांना मदत होईल. जॉनसाठी नाही. बारा पिढ्या मागे ४०९६ जागा असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा एक तुकडाही अंगात उरत नाही. उपयोग होईल तो वाय गुणसूत्राचा, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. ते सुनेत नाही. आडनावाची ओळ सलग पुरुषांकडून आली असेल तर नमुना व्याह्यांचा किंवा तिच्या भावाचा घ्यावा. निदान ३७ खुणांची, जमलं तर १११ खुणांची चाचणी घ्या आणि तिचा निकाल त्या आडनावाच्या लोकांच्या डीएनए-गटात टाका. जॉनच्या दोन वेगवेगळ्या मुलांपासून कागदोपत्री सिद्ध झालेले दोन वंशज एकमेकांशी जुळले तर जॉनचा नमुना कळतो, आणि व्याही त्याच्याशी जुळतात का ते दिसतं. जुळले तरी ते जॉनचे की जॉनच्या भावाचे, हे गुणसूत्र सांगणार नाही. ते काम पुन्हा दस्तांचंच.

हे सगळं न्यू इंग्लंडचं. जॉन व्हर्जिनियाचा निघाला तर कागदही बदलतात आणि तर्कही. तिथे आणलेल्या प्रत्येक माणसामागे आणणाऱ्याला ५० एकर मिळत, म्हणून जमीनपट्ट्यांत आलेल्यांची नावं येतात. पण पट्ट्याची तारीख ही येण्याची तारीख नव्हे. हे हक्क विकले जात आणि वर्षानुवर्षं पडून राहत. १६३० च्या दशकातल्या अशाच एका पट्ट्यात 'टोनी, ईस्ट इंडियन' हे नाव आहे, म्हणजे आपल्या बाजूचा माणूसही त्या यादीत सापडतो. तिथे मृत्युपत्राविना वारलेल्याची सगळी जमीन थोरल्याला जाई, त्यामुळे थोरल्याचं नाव मृत्युपत्रात नसणं हाही एक धागा असतो. आणि जेम्स सिटी, हॅनोवर अशा काउंट्यांचे बरेच कागद एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत गेले. तिथे राज्य पातळीवरचे पट्टे आणि शेजारच्या काउंट्या यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तेव्हा क्रम असा ठेवा: व्याह्यांपासून १७९० पर्यंतची साखळी, मग सगळ्या जॉनची यादी, मग वेगळे करणं, मग जमीन आणि वारस, आणि शेवटी इंग्लंड. माझा अंदाज असा की शेवटची पायरी बहुधा रिकामीच राहील. तसं झालं तर नातवाच्या वंशावळीत जॉनच्या वर बाप लिहू नका. तिथे 'इंग्लंडातलं मूळ अनिश्चित' असं लिहा, आणि त्याखाली जॉन 'अ' आणि जॉन 'ब' का वेगळे धरले याचं पानभर टिपण जोडा, कागदांच्या पानक्रमांकांसकट. तुम्हाला सापडलेल्या तीन बापांपैकी प्रत्येकाला का नाकारलं किंवा का राखून ठेवलं तेही त्यातच येऊ द्या. नाहीतर दहा वर्षांनी नातू तीच झाडं उघडेल आणि त्यांतला एक बाप उचलून वर चिकटवेल.

सध्या मला दोनच गोष्टी पाठवा: १८५० च्या जनगणनेतला व्याह्यांचा पूर्वज कुठल्या गावात आहे, आणि त्याचा जन्म कुठल्या राज्यात झाल्याचं तिथे लिहिलंय. त्या रकान्यात व्हरमाँट आहे की मॅसॅच्युसेट्स, यावर पुढची दिशा ठरेल.